एक फुल, एक लेडीज

एकट्यानं बीड बघून यायचं आणि संध्याकाळी घरी परतायचं, काम एवढंच होतं. ह्या एवढ्याशा कामापायी एक जीप, एक रिक्षा, एसटीचे दोन तपासनीस आणि सुंदररावांची डाव्या पायाची चप्पल खर्ची पडली. चप्पल अजून विहिरीतच आहे. ते रोज आठवण करून देतात.

युसूफ वडगावात माझं दोर, बादल्या, खिळे, पत्रे यांचं दुकान आहे. नाव संगमेश्वर, पण गाव मला अप्पा म्हणतं. एकुलती एक मुलगी प्रणिता जर्मनीत म्युनिकला पाण्याचं शिक्षण घेते. हे गावात पहिल्यांदा सांगितलं तेव्हा लोक म्हणाले, पाण्याची अडचण इथं हाय, मग शिकायला तिथं कावून? मलाही ते बरोबर वाटलं होतं, पण मी बापासारखा गप्प बसलो.

वैशाखात तिची आई गेली. शिवगंगा. प्रणिता आली, थोडे दिवस राहिली, परत गेली. तेव्हापासून आम्ही दोघं फोनवर एकमेकांना खोटं सांगत होतो. ती म्हणायची मी बरी आहे, मी म्हणायचो मी बरा आहे. दिवाळी झाल्यावर एका रविवारी तिच्या तोंडून खरं निघालं. कॉलेज सोडलं तर ती खोलीच्या बाहेर पडत नव्हती.

"अप्पा, मी शिक्षण सोडून येते," ती म्हणाली. "तुम्ही तिथं एकटे, मी इथं एकटी. पुढच्या सोमवारी कॉलेजात अर्ज देते."

शिवगंगानं आपल्या बांगड्या मोडून जिला पाठवलं, ती पोरगी माझ्यापायी अर्धवट शिकून परत येणार, हे माझ्या डोक्यात बसेना. मी म्हणालो, "आधी खोलीतून भाईर पड. एखादं जुनं शहर बघून ये. एक दिवस. एकटीनं."

"तुम्ही पडता का बाहेर? दुकान आणि घर सोडून?"

"पडतो की."

"कधी? कुठं?"

तोंडात आलं ते बोललो. "बीडला. येत्या ऐतवारी."

मग तिनं नियम सांगितले. पोरगी आईवर गेली आहे, नियम तिच्या जिभेवर तयार असतात. त्याच रविवारी ती रेगेन्सबुर्ग नावाच्या जुन्या शहरात जाईल, तिथं नदीवर शेकडो वर्षांचा दगडी पूल आहे. मी बीड बघायचं. दोघांनीही सोबत कुणाला न्यायचं नाही. फोन बंद ठेवायचा, फक्त फोटोपुरता चालू करायचा. खजिना विहिरीजवळचा फोटो पाठवायचा आणि फोटोत माझ्याशिवाय माणूस दिसता कामा नये. शिवाय विहिरीला पाणी किती आहे, ते बघून सांगायचं. जमलं तर ती अर्ज देणार नाही. नाही जमलं तर ती येणार, आणि मग मी एक शब्द बोलायचा नाही.

"ह्यात काय अवघड हाय?" मी म्हणालो.

ह्यात काय अवघड आहे ते मला सोमवारी सकाळी कळलं.

आमच्या गावात सगळं मिळतं, फक्त एकटेपण मिळत नाही. त्यातून ज्याच्या घरात माणूस गेलेलं आहे त्याला तर अजिबात मिळत नाही. वैशाखापासून सकाळचा डबा शेजारच्या केसरबाईंकडून येतो. त्या शिवगंगाच्या जिवाभावाच्या. डबा देऊन त्या जात नाहीत, मी खातो का ते बघत उभ्या राहतात. दुपारी माजी सरपंच सुंदरराव दुकानात येऊन बसतात. रात्री आश्रुबा माझ्या ओट्यावर झोपायला येतो, मला सोबत म्हणून. तो इतका घोरतो की मी रात्रभर जागा राहून त्यालाच सोबत करतो.

मी भोळेपणानं सुंदररावांना सांगितलं की ऐतवारी बीडला जाणार.

"कशापायी?"

"बघायला."

"कुणाला?"

"बीडला."

त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "आन् जाणार कसे?"

"एसटीनं. एकटा."

"एकटा? आन् माझी जीप काय पूजेला ठेवलीय का?"

मी पोरीचा नियम समजावून सांगितला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतला आणि म्हणाले, "बरोबर हाय पोरीचं. तुमी एकटेच बघा. आमी नुस्तं जीपमधी बसतो."

संध्याकाळपर्यंत केसरबाईंना बीडच्या खंडेश्वरीचं दर्शन आठवलं. आश्रुबाची दाढ दुखायला लागली आणि ती बीडलाच काढावी असं त्याच्या मनानं घेतलं. कुणीतरी म्हणालं, वर्ष झालं न्हाई, अप्पानं देवळं फिरावीत का? म्हणून मी आमच्या लिंगायत मठातल्या स्वामींना विचारायला गेलो. स्वामी म्हणाले, "आपल्यात सुतक नसतंय, अप्पा. खुशाल जा. जीप किती वाजता निगणार? मलाबी चष्म्याची काच बदलायचीय." गुरुवारपर्यंत ती जीप अशी भरली की मला मागच्या फळीवर बसावं लागेल असं ठरलं. माझ्या एकट्याच्या सहलीत माझ्यासाठीच जागा उरली नव्हती.

तेव्हा मी खोकलो. शुक्रवारी दिवसभर खोकलो आणि जाहीर केलं की बीड रद्द. गावानं काढा आणून दिला. तो मी प्यायलो, कारण लबाडीची किंमत मोजावी लागते, आणि ती काढ्याएवढी कडू असते हेही त्यामुळं कळलं.

मग शनिवारी मी गुपचूप तयारीला लागलो. केसरबाईंचे डबे साठले होते, ते घासूनपुसून परत दिले आणि म्हणालो, उद्या डबा नको. सुंदररावांना सहज विचारलं, खजिना विहीर किती खोल असेल हो? दुकानातला चांगला जाड दोर घेतला, हाता-हातावर गाठी मारल्या, म्हणजे पाणी मोजता येईल. दाढी-कटिंग केली. शिवगंगानं घेतलेला पांढरा सदरा घडी मोडून बाहेर काढला. दुकानाची किल्ली पहाटे जाताना केसरबाईंच्या उंबऱ्यावर ठेवायची ठरवलं.

ह्यात कुणाला काही वावगं दिसतं का? मला दिसलं नाही. हे सगळं एका ओळीत मांडलं की कसं दिसतं, ते मला नंतर जीपमधल्या माणसांनी सांगितलं.

रविवारी उजाडायच्या आत मी आश्रुबाला ओलांडून निघालो. तो घोरत होता. किल्ली ठेवली, पहिल्या गाडीनं केज गाठलं, आणि केजला बीडच्या एसटीत बसलो. गाडी हलली तेव्हा माझी छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण ओढलं गेलं. अख्ख्या गावाला चकवून निघालेला माणूस वडगावात माझ्याआधी कुणी झाला नसेल.

कंडक्टर बाई तरुण होत्या. छातीवरच्या पाटीवर नाव होतं शिवकन्या. मशिन घेऊन आल्या.

"कुठं?"

"बीड."

"किती?"

"एक फुल, एक लेडीज."

मशिननं दोन्ही तिकिटं ओकली. पैसे देऊन झाले, सुटेही परत आले. मग त्यांनी शेजारी पाहिलं. मीही पाहिलं. मी कडेला बसलो होतो आणि खिडकीची जागा मोकळी सोडली होती. शिवगंगाला खिडकी लागायची. बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालं तेव्हापासून तर ती म्हणायची, आता तुमच्या एका तिकिटात मी दोनदा जाते.

"बाई कुठंयत?" शिवकन्याबाईंनी विचारलं.

"न्हाईत."

"मागच्या गाडीनं येणार का?"

मी मान हलवली. त्यांना काय कळलं कुणास ठाऊक. "एकदा निघालेलं तिकीट मशिन परत घेत न्हाई, अप्पा," एवढंच म्हणाल्या आणि पुढं गेल्या.

हे इथंच मिटलं असतं. पण मांजरसुंब्याला, ढाब्यांच्या रांगेसमोर, दोन तपासनीस गाडीत चढले. त्यांनी तिकिटं पाहिली, माणसं मोजली, परत मोजली. एक बाई कमी भरत होती.

"लेडीज तिकीट कुणाचं?" थोरल्यानं मला विचारलं.

"आमच्या मंडळींचं."

"कुठं आहेत त्या?"

"वारल्या."

त्यानं चष्मा काढला. "कधी?"

"वैशाखात."

"मग तिकीट आजचं कसं?"

"तोंडातून गेलं."

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. तिकीट न काढता बसलेल्या माणसाचं काय करायचं, हे त्यांच्या खात्यात पिढ्यान् पिढ्या ठरलेलं असणार. तिकीट काढून न बसलेल्या बाईचं काय करायचं, हे कुणीच ठरवलेलं नव्हतं. थोरला म्हणाला, जबाब घ्यावा लागेल. धाकट्यानं कागद काढला आणि अडला.

"काय लिहू? प्रवासी गैरहजर?"

"गैरहजर कसं? ते म्हणतात मयत."

"मयत लिहिलं तर गाडी पोलिस ठाण्यात न्यावी लागेल. पंचनामा होईल."

मागून एक म्हातारा म्हणाला, "सायेब, आमाला लग्नाला जायचंय. अक्षदा तरी घावू द्या."

शिवकन्याबाई मध्ये पडल्या. "सर, बाई मांजरसुंब्याला उतरल्या असं लिवा की. गाडी मांजरसुंब्यातच हाय."

सगळ्यांना ते पटलं. धाकटा लिहायला लागला. पण मला राहवलं नाही.

"तसं नका लिहू," मी म्हणालो. "ती मधीच उतरायची न्हाई. बीडचं तिकीट असलं की ती बीडलाच उतरायची."

थोरल्या तपासनिसानं त्या मोकळ्या जागेकडं बराच वेळ पाहिलं, धाकट्याच्या हातातला कागद घेतला आणि घडी करून खिशात घातला.

"बसू द्या मग त्यांना," तो म्हणाला. "बीडपर्यंत."

ते उतरले. एक पिशवीवाला गडी चढला आणि खिडकीकडं सरकायला लागला तेव्हा शिवकन्याबाई लांबूनच म्हणाल्या, "तिथं माणूस हाय."

मी मान ताठ ठेवून समोर बघत राहिलो. त्यामुळं मागच्या सीटवर कोण बसलंय ते मला दिसलं नाही. तिथं उत्तरेश्वर होता, सुंदररावांचा पुतण्या, केजला चढलेला. अर्धंमुर्धं ऐकून तो तोंडावर हात धरून सुंदररावांना फोन करत होता.

बीडला मी आयुष्यभर जातोय, पण माझं बीड म्हणजे मोंढा, कोर्ट आणि शेवटी शेवटी दवाखाना. बसस्टँडवर रिक्षावाल्यानं विचारलं, "कोणता दवाखाना?"

"दवाखाना न्हाई. बीड बघायचंय."

"काय बघायचंय बीडमधी?"

"जुनं काय असल ते."

त्यानं डोकं खाजवलं. मग म्हणाला, बसा, मीबी कधी बघितलं न्हाई. कंकालेश्वराला हा गडी बरोबर आत यायला लागला तेव्हा मी त्याला हात जोडून रिक्षातच बसवला. नियम म्हणजे नियम.

कंकालेश्वराचं देऊळ पाण्याच्या मधोमध उभं आहे. दगडावर इतकं कोरीव काम की हात लावायला भीती वाटते. शिवाची जागा, म्हणून गळ्यातलं लिंग हातात धरून थोडा वेळ उभा राहिलो. देवाकडं काय मागावं ते सुचेना, तेव्हा नुसतं 'शरणार्थ' म्हणत हात जोडले आणि बाहेर आलो. मग शहराबाहेर, खजिना विहिरीवर. रिक्षा परत पाठवली.

निजामशाहीतली विहीर. आत उतरायला पायऱ्या, सगळीकडून कमानी, आणि खाली हिरवं गार पाणी. म्हणतात की हे पाणी कमी होत नाही. त्या दुपारी तिथं कुणी नव्हतं. मी पायरीवर बसून शिदोरी सोडली. धपाटे मी स्वतः केले होते, पहिल्यांदाच. त्यांचा रंग बरा होता. बाकी, दातांना त्यांनी शेवटपर्यंत दाद दिली नाही.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की आज कुणी विचारलं नाही, जेवलात का? माझं चावणंच मला ऐकू येत होतं. मग मी रडलो. चांगला मोकळा रडलो. गावात ते जमत नव्हतं. डोळे भरले की कुणीतरी तांब्या घेऊन धावायचं, आणि त्याचा मान राखायला पाणी प्यावं लागायचं, आणि पाणी पिताना रडता येत नाही. इथं पाणी होतं, पण ते जागच्या जागी होतं. त्यानं मला त्रास दिला नाही.

रडून झाल्यावर हलकं वाटलं. तोंड पुसलं, दोराला दगड बांधला, कठड्यावर वाकलो आणि दोर सोडायला लागलो.

इकडं गावात काय झालं ते मी नंतर तुकड्यातुकड्यानं ऐकलं, ते आता सांगतो. सकाळी केसरबाईंना उंबऱ्यावर किल्ली दिसली. त्यांनी सुंदररावांना हाक मारली. सुंदरराव म्हणाले, काल मला इचारलं, इहीर किती खोल हाय. केसरबाईंनी कालचे डबे उंबऱ्यावर आणून मांडले. म्हणाल्या, "मला डबे रिकामे दिले."

आमच्याकडं शेजारणीचा डबा रिकामा परत करायचा नसतो. चिमूटभर साखर का होईना, दोन शेंगा का होईना, आत काहीतरी घालायचं. रिकामा दिला म्हणजे देणंघेणं संपलं. शिवगंगा हे सगळं बघायची, मला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. मी तर वर पुसून दिले होते. मग आश्रुबा दुकानात जाऊन आला आणि म्हणाला, जाडा दोर जागेवर न्हाई.

"तू ओट्यावर काय करत होता बे?" सुंदररावांनी त्याला विचारलं.

"सोबत," आश्रुबा म्हणाला.

जीप निघाली. रद्द झालेली सगळी सहल तिच्यात बसली होती. स्वामींनी शंका काढली की इहिरीला दोर कशाला लागतो, दोन्हीतलं एकच पुरे की. केजच्या पुढं उत्तरेश्वरचा फोन आला की अप्पानं एक फुल एक लेडीज काढलंय, बाई दिसत न्हाई, पण जागा धरून ठेवलीय. जीपमध्ये लगेच दोन पक्ष पडले. आश्रुबाचा चेहरा उजळला. तो म्हणाला, "म्हंजी दुसरी बघितली. बीडला भेटणार आसंल." केसरबाईंनी हातातला डबा त्याच्या डोक्यात घातला. दाढेचं दुखणं त्यानंतर त्यानं काढलं नाही. बीडात त्यांनी आधी बसस्टँड पालथं घातलं, म्हणून विहिरीवर यायला दुपार झाली.

तर मी कठड्यावर वाकलेलो, दोर निम्मा पाण्यात, आणि मागून कुणीतरी मला कमरेला विळखा घातला.

"अप्पा, सोडा तो दोर," कानात आवाज आला. सुंदरराव.

"आधी तुमी मला सोडा."

"दोर सोडा, मग सोडतो."

ओढाताणीत दोर सुटला आणि सरसरत पाण्यात गेला. त्याच्या मागोमाग सुंदररावांची चप्पल गेली. आम्ही दोघं पायऱ्यांवर बसलो, ते माझ्या मांडीवर. वर पाहिलं तर कमानीकमानीत माझं गाव उभं होतं.

"तोंड बघा कसं सुजलंय रडून," स्वामी म्हणाले.

"हात घट्ट धरा त्यांचा," आश्रुबा म्हणाला.

केसरबाई पुढं आल्या. म्हणाल्या, "दोर कशाला आनलाता, अप्पा?"

"पाणी मोजायला. पोरीनं सांगितलंय. गाठी मारल्यात्या त्याला."

"आन् इहीर?"

"ती बघायला आलो. जुनी हाय."

"मग सांगायला काय झालतं?"

"सांगितलंतं. जीप भरली."

सुंदरराव माझ्या मांडीवरून उठले, एका पायावर उभे राहिले आणि म्हणाले, "आमाला काय म्हाईत. मानूस एकटा कुठं जातो का उगंच?" ते दुसरीकडं बघून धोतर झटकायला लागले. मला राग यायला हवा होता, तसं ठरवूनही पाहिलं. पण वयाच्या मानानं त्यांनी मला फारच जोरात धरलं होतं.

मग मी त्यांना सोमवारच्या अर्जाचं सांगितलं. फोटोत एकटाच दिसलो नाही तर पोरगी शिक्षण सोडून येणार. गावाला ते एकदम पटलं. इतक्या लगेच त्यांना आजवर काही पटलेलं नाही. सगळे कमानीमागं दडले. केसरबाईंनी फोटो काढला. पहिल्या फोटोत माझे पाय आले, दुसऱ्यात त्यांचं बोट, तिसऱ्यात मी. मी ताठ उभा राहिलो होतो. पुरावा भक्कम असावा म्हणून मी तिकिटांचाही फोटो काढून पाठवला. घाईत दोन्ही तिकिटांचा.

लगेच फोन वाजला.

"अप्पा, फोटो छान आहे. मागं कमानीत भगवं काय आहे?"

"निशाण असंल."

"निशाणाला चष्मा असतो का?"

मी स्वामींकडं पाहिलं. ते खांबामागं आणखी सरकले.

"आणि ती पांढरी टोपी कुणाची?"

"मी न्हाई हाय," सुंदरराव मागून म्हणाले.

पलीकडं ती हसायला लागली. आईसारखी, आधी आवाज न करता आणि मग एकदम. वैशाखापासून ते हसणं मी ऐकलं नव्हतं. ती पुलावर उभी होती, वाऱ्याचा आवाज येत होता. मग हसणं थांबलं.

"अप्पा, लेडीज तिकीट कुणाचं?"

"तुझ्या आईचं. सवयीनं मागितलं गेलं."

"खिडकीची जागा दिली का तिला?"

"दिली."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. तिचं नाक भरलं होतं. "पण नियम मोडलात तुम्ही. जातानाही दोघं, फोटोतही अख्खं गाव."

"मधी घटकाभर एकटा होतो. शपथ."

"काय केलं?"

"धपाटे खाल्ले. रडलो. पाणी मोजत होतो, तेवढ्यात हे आले."

"मीपण रडले. इथं पुलावर. सकाळपासून कुणी माझ्याशी एक शब्द बोललं नाही, कुणी पाणी घेऊन आलं नाही. लई बरं वाटलं, अप्पा. आता मी ते मोठं चर्च बघणार आहे आणि मग जेवणार आहे." मग ती म्हणाली, "येताना एकटे या. एसटीनं. एका तिकिटात. तेवढं केलं तरी मी धरीन. अर्ज देत नाही."

हे तिनं मोठ्यानं सांगितलं आणि गावानं कमानीत उभं राहून ऐकलं. मी फोन ठेवला आणि निक्षून सांगितलं, "मी एसटीनं जाणार. तुमी जीपनं जा. माझ्याशी कुणी बोलायचं न्हाई."

"न्हाई बोलत," सुंदरराव म्हणाले.

रस्त्यावर येऊन मी केजच्या गाडीला हात केला. गाडी थांबली आणि दारात शिवकन्याबाई, त्यांची परतीची फेरी होती. मी चढून बसलो. माझ्यामागं सुंदरराव चढले, एक चप्पल घालून. त्यांच्यामागं केसरबाई, स्वामी, आश्रुबा, सगळे.

"हे काय?" मी म्हणालो.

"आमी तुमच्याशी बोलत न्हाई," सुंदरराव पुढं जात म्हणाले. "आमालाबी वडगावलाच जायचंय. यष्टी काय तुमच्या मालकीची हाय का?"

ते सगळे मागच्या सीटांवर जाऊन बसले आणि खिडकीबाहेर बघायला लागले, जणू मला कधी पाहिलंच नाही. गाडी निघाली. मागून सुंदररावांची जीप रिकामीच येत होती, आत एकटा ड्रायव्हर. खरी एकट्याची सहल त्या दिवशी त्याचीच झाली.

"कुठं?" शिवकन्याबाईंनी विचारलं.

"केज."

"किती?"

त्यांनी मशिनवर बोट ठेवलं आणि थांबल्या. घाई केली नाही. मागं सगळं वडगाव श्वास रोखून बसलं होतं, ते मला पाठीला कळत होतं.

"एक," मी म्हणालो.

तिकीट निघालं. मी ते सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि खिडकीकडं सरकून बसलो. वारा लागला. बाहेरची रानं पळायला लागली. खिडकीसाठी ती इतकं का भांडायची ते तेव्हा कळलं.

मांजरसुंबा मागं पडल्यावर मागून एक डबा हातोहात पुढं आला. कुणी काही बोललं नाही, नियम पाळला जात होता. डब्यात भाकरी आणि ठेचा होता. मी सगळं खाल्लं, आणि आता मला अक्कल आली होती. डबा रिकामा पाठवायचा नसतो. माझा उरलेला एक धपाटा मी त्यात ठेवला, झाकण लावलं आणि मागं पाठवला. थोड्या वेळानं केसरबाईंचा आवाज आला, माझ्याशी नव्हे, हवेशी.

"ह्ये काय म्हनावं? चपलीचा तळ हाय का?"

"बघू," सुंदरराव म्हणाले. "माझी आसंल."

गाडी हसत हसत केजला आली. उतरल्यावर प्रणिताचा फोटो आलेला दिसला: जुना दगडी पूल, खाली नदी, कठड्यापाशी ती एकटी, केस वाऱ्यानं उडालेले. पोरगी तिथंच आहे, तिचं शिक्षण नीट चाललं आहे. सोमवारी तिनं अर्ज दिला नाही, त्याऐवजी मला नवीन गाठींचा दोर तयार ठेवायला सांगितलं.

आता गावात कुणी विचारलं तर मी स्पष्ट सांगतो की मी बीडला एकटा गेलतो. कुणाला खोटं वाटलं तर पुरावा म्हणून तिकीट दाखवतो. येतानाचं. जातानाचं दाखवत नाही, ते आम्हा दोघांचं आहे.